शेजारची सीट

फौजीने पुन्हा एकदा जीपभोवती फेरी मारली. वाकून खालचे स्प्रिंगचे पाटे बघितले, बंपरला हात लावला, लगेच काढून घेतला. मग स्टेपनी हलवून पाहिली. ती हलली नाही, तरी जरा वेळ तशीच धरून उभा राहिला.

जुन्या लष्करी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या शेडच्या मालकाला सगळा बाजार भंगारशेठ म्हणे. तोंडावरसुद्धा. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. आज मात्र त्याचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. हा फौजी, लष्करातला निवृत्त ड्रायव्हर, गेले कित्येक रविवार येत होता. हीच जीप बघायचा, गिअरबॉक्स जुनाच आहे ना, चासीचा नंबर खोडलेला तर नाही ना, तेच ते विचारायचा आणि निघून जायचा. आज त्याची बायको बरोबर होती. त्यातून एक हॉटेलवाला सकाळपासून फोन करत होता. त्याला जीप दारात उभी करून बॉनेटवर कुंड्या मांडायच्या होत्या.

“साहेब, आज काय ते ठरवा,” भंगारशेठ म्हणाला. “नाहीतर बिचारीच्या डोक्यावर शेवंती फुलेल.”

फौजी हसला नाही. “घ्यायचीच आहे. फक्त शेजारची सीट काढून द्या.”

“कुठली?”

“ड्रायव्हरच्या शेजारची. ती मला नको.”

“अहो, ओरिजिनल आहे! कॅनव्हासपण त्याच काळातला. लोक नुसत्या ह्या सीटसाठी जीव टाकतात. उद्या विकायला काढलीत तर कोण हात लावेल?”

“विकायला नाही काढणार.”

“आणि कुणाला बसायचं झालं तर?”

फौजी शेडच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे इंजिनांचा ढीग होता. तिथून परत फिरला आणि अर्ध्या वाटेतून पुन्हा तिकडेच गेला.

त्याची बायको खुर्चीजवळ आली. “भाऊ, वाद घालू नका,” ती हळूच म्हणाली. “नोकरीत असताना ह्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला होता. हे वाचले, शेजारी बसलेला गेला. ह्यांचा जिवलग. तो आधी मागेच बसला होता. ह्यांनीच हाक मारली, पुढे ये म्हणून. गप्पा मारायला.”

भंगारशेठचा फोन वाजला. त्याने न बघता बंद केला.

“तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही,” ती म्हणाली. “बसमध्ये जागा असली तरी उभे राहतात.”

“मग वहिनी, ही कशाला घेतायत?”

“मला तरी कुठे सांगतात? पण ही गाडी दिसल्यापासून रविवारी सकाळी उठून दाढी करतात. मी म्हटलं, घ्या.”

भंगारशेठने मिस्त्रीला हाक मारली. सीटचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. मिस्त्रीने तेल सोडलं, वाट पाहिली, मग पाना लावून जोर केला. बोल्ट कुरकुरत सुटू लागले. फौजी तिकडे पाठ करून सिगारेटचं पाकीट उघडत राहिला, मिटत राहिला. सीट निघाली. खालच्या पत्र्याला भोकं उरली, त्यांतून जमीन दिसत होती.

फौजी वर चढला. लष्करी गाडीला किल्ली नव्हती, नुसता खटका. त्याने तो फिरवला, पायाने स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं, मग धरलं. सगळी जीप थरथरायला लागली. त्याचा हात आपोआप गिअरवर गेला. त्याने शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“आता ठीक आहे,” तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. “चल. मागे बस.”

ती जागची हलली नाही.

“अगं, बस ना. मागे धोका नसतो.”

“इतकी वर्षं मागेच तर बसलेय,” ती म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं की नाही, भंगारशेठला कळलं नाही. ती पुढच्या बाजूने वर चढली आणि जिथे सीट नव्हती तिथे, उघड्या पत्र्यावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली. एका हाताने तिने डॅशबोर्डची दांडी धरली. समोर बघायचं म्हटलं तरी तिला काचेबाहेरचं काही दिसत नव्हतं.

“तिथे नको,” फौजी म्हणाला.

“मी उठणार नाही.”

“ऊठ म्हणतो ना!” त्याचा आवाज एवढा चढला की मिस्त्रीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

ती उठली नाही. दांडीवरची मूठ तेवढी आवळली गेली. गाडीच्या थरथरीने तिची हनुवटी हलत होती. फौजी तिच्याकडे बघत राहिला. त्याने दोनदा क्लच दाबला, दोनदा सोडला. मग खटका फिरवून इंजिन बंद केलं.

शेडमध्ये एकदम शांत झालं. तो खाली उतरला. “शेठ,” तो म्हणाला, “पाना द्या.”

मिस्त्री पुढे झाला, पण भंगारशेठने त्याला डोळ्यांनीच थांबवलं आणि पाना फौजीच्या हातात दिला. बायको उठून बाजूला झाली, फौजीने सीट उचलून जागेवर ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. फौजी जमिनीवर आडवा झाला, गाडीखाली सरकला आणि एकेक बोल्ट आवळू लागला. सगळे आवळून झाले की तो पुन्हा पहिल्याकडे यायचा, सीट हलवायला सांगायचा, ती हलत नसे, तरी आणखी जोर लावायचा. त्याच्या कपाळावरचा घाम कानात उतरत होता.

“बस झालं, साहेब,” भंगारशेठ वाकून म्हणाला. “बोल्टचे आटे जातील.”

“अजून थोडं,” गाडीखालून आवाज आला.