नाक्यावरचा बांबू

गोव्याच्या पहिल्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीत तिरंगा लावलेली झिलूची बैलगाडी सगळ्यांत पुढे होती. जुन्या सरहद्दीपाशी येताच बैल थबकले आणि काही केल्या हलेनात.

"आजच्या दिवशी हे काय?" समितीचे अध्यक्ष दामूबाब खेकसले.

"इथं पोर्तुगिजांच्या नाक्याचा बांबू आडवा असायचा ना," झिलू म्हणाला. "तो वर गेल्याशिवाय हे पाऊल टाकत नाहीत."

"तो बांबू उपटून वर्ष झालं! मग रोज कसा नेतोस यांना?"

झिलू ओशाळला. "हसणार नसाल तर दाखवतो."

खाली उतरून तो बैलांसमोर गेला. तिथं नसलेला बांबू त्याने दोन्ही हातांनी सावकाश वर उचलला. बैल गुमान चालू लागले.

लोक खो खो हसले. दामूबाब तर डोळे पुसत होते. "बैल ते बैलच! देश मोकळा झाला, हे त्यांना कुणी सांगायचं?"

असं म्हणत ते पुढे निघाले आणि नेमक्या त्याच जागी, इतकी वर्षं त्या बांबूखालून जाताना वाकायचे तसेच, मान खाली घालून वाकले.

हसणं थांबलं. आता ती जागा ओलांडायची पाळी बाकीच्यांची होती.