माळवस्तीचा आकडा

“गुरुजी, तुमचं गणित कुठं चुकलं, तेवढं सांगा,” आण्णासाहेब म्हणाले.

आवाज शांत होता, आणि तीच भीती होती. बैठकीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. आण्णासाहेब लोकसभेची जागा एक्केचाळीस मतांनी हरले होते. आणि ते निवडून येणार म्हणून छातीठोक सांगितलं होतं मार्तंड गुरुजींनी.

गुरुजी भूमच्या शाळेत गणित शिकवायचे. बायको अनसूया तिकडं तुळजापुरात अंथरुणाला खिळलेली. शेजारीण येईल तेव्हा तिच्या तोंडात पाणी पडायचं. बदलीचा अर्ज तीन महिने आण्णासाहेबांच्या गादीखाली पडून होता. खासदारकी गेली तरी जिल्ह्यातला कागद त्यांच्या शब्दाशिवाय हलत नव्हता, आणि तो शब्द आता अडकला होता.

गणित तसं साधंच. शेजारच्या चार जागांचे निकाल आधी लागले. पंचायतीच्या रेडिओपुढं मांडी घालून गुरुजींनी ते टिपून घेतले. चारही ठिकाणी पक्षाची मतं गेल्या खेपेपेक्षा शंभरी सहानं घटलेली. वारं सुटलं की सगळीकडं सारखंच सुटतं, असं त्यांनी धरलं. मग सत्तावन्न सालचे गावोगावचे आकडे काढले, प्रत्येकातून शंभरी सहा वजा केले आणि बेरीज मारली. आण्णासाहेब काठावर का होईना, पार होत होते. लोकांनी पेढे सांगून ठेवले.

आता खरे आकडे पुढ्यात होते. मोजणीला बसलेल्या बलभीमनं पेटीवार मतं पेन्सिलीनं चिठ्ठीवर उतरवून आणली होती. दोन रकाने होते, एक आपला आणि एक त्याचा. गुरुजींनी वहीत पहिलाच रकाना उतरवून घेतला होता. या बैठकीत समोरच्या उमेदवाराचं नाव काढायचं नाही, त्याचं काही लिहायचंही नाही, असा आण्णासाहेबांचा दंडकच होता. आणि गावच्या एकूण मतांतून आपलं वजा केलं की उरलं ते त्याचं, हे काय शिकवायला पाहिजे?

गुरुजींनी पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. भूम, दोन मतं कमी. येरमाळा, तीन जास्त. ईट, पाच कमी. पानंच्या पानं गणित बरोबर येत होतं. मग एका ओळीवर पेन्सिल थांबली आणि गुरुजींना हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, हायसंच वाटलं.

“गणित चुकलेलं नाही, आण्णासाहेब. माळवस्ती चुकली.”

ईटच्या पलीकडं गायरानावर वीसेक खोपटांची वस्ती. आण्णासाहेबांनीच ती बसवलेली, विहीरही त्यांनीच पाडून दिलेली. गेल्या खेपेला बासष्टच्या बासष्ट मतं त्यांची. औंदा अठ्ठावन्न यायला हवी होती. आली अकरा. सत्तेचाळीस मतं फिरली, असं म्हणून गुरुजींनी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

नक्की का, एवढंच आण्णासाहेबांनी विचारलं. आकडा खोटं बोलत नाही, असं गुरुजी म्हणाले. पोरांना ते रोज हेच सांगायचे.

दुसऱ्या दिवशी चार बैलजोड्या माळावर गेल्या. खोपटं पाडली, वस्तीवर नांगर फिरवला, विहिरीत दगड लोटले. परत आलेले गडी सांगत होते की निम्म्याहून जास्त दारांना बाहेरून कड्या होत्या. पळाले लेकाचे. कर नाही त्याला डर कशाला?

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक म्हातारी शाळेच्या ओट्याशी येऊन बसली. विठाबाई तिचं नाव. हातात कोरं पोस्टकार्ड होतं. लेक कारखान्यावर ऊस तोडायला गेला होता, त्याला चार ओळी लिहून पाहिजे होत्या. गुरुजी दयाळू माणूस. त्यांनी टाक काढला.

म्हातारी सांगू लागली, “लिवा. बिरदेवा, आपल्या खोपटावर नांगर फिरला. तुमी समदी दिवाळीपास्नं उसाला गेल्यासा. मतं द्याया वस्तीवर आमी अकराच म्हातारीकोतारी हुतो. अकराच्या अकरा शिक्के आण्णासायबालाच मारले. तर आमचं काय चुकलं, ते तिकडं कुणा शिकल्याल्या माणसाला इच्यारून कळीव.”

गुरुजींचा टाक थांबला होता. सगळं लिवलं का, असं म्हातारीनं विचारलं. मग त्यांना खरं वाटलं नाही असं समजून तिनं बोट पुढं केलं. नखाशी मताची शाई अजून होती. गुरुजींनी मान खाली घालून राहिलेलं लिहिलं, पत्ता घातला. तिनं कार्ड कपाळाला लावलं, गुरुजींच्या पोराबाळांना औक्ष मागितलं आणि टपालपेटीकडं निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर गुरुजींनी खणातून बलभीमची चिठ्ठी काढली. दुसरा रकाना त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. माळवस्ती. आपली मतं अकरा. त्याची मतं शून्य.

शाळा सुटायच्या वेळेला आण्णासाहेबांचा माणूस येणार होता. तुळजापूरच्या बदलीचा हुकूम देऊन तो ही चिठ्ठी घेऊन जाणार होता. कुणी दगा दिला ते आण्णासाहेबांना पक्षाच्या लोकांना दाखवायचं होतं.

अनसूयेला पाणी कोण देत असेल, हे गुरुजींच्या मनात आलं. मग त्यांनी रबर घेतलं, शून्य पुसलं, आणि तिथं बलभीमच्याच वळणाचं अक्षर काढून लिहिलं, सत्तेचाळीस.