बझरची ओळ

आईच्या उशाशी ठेवलेला मॉनिटर लेकीच्याच कंपनीचा होता. चाचणीसाठी तिने तो घरी आणला होता, आणि आईला धाप लागायला लागल्यावर तोच तिला जोडला. यंत्राने कसं चालायचं हे ठरवणारी आतली फाइलही लेकीनेच लिहिलेली. ऑक्सिजन घसरला की बझर बोंबलेल, या भरवशावर ती दुपारभर शेजारच्या खोलीत काम करत बसली. चहा घेऊन गेली तेव्हा पडदा लालभडक झाला होता आणि आईचा हात गार पडला होता. बझरने हूं की चूं केलं नव्हतं.

आठवड्याने सर्व्हिसवाल्या काकांनी यंत्र खोललं. "ताई, बझर ठणठणीत आहे. वायरही शाबूत. मग मेला वाजला का नाही?"

तिला ती फाइल आठवली. फाइलमध्ये प्रत्येक भागाची एक ओळ असते आणि तिच्यात लिहायचं असतं, चालू की बंद. ज्याच्यापुढे 'बंद' लिहिलं, त्याच्याकडे यंत्र ढुंकूनही बघत नाही. तो भाग आपल्याला नाहीच असं समजतं आणि सुरू होताना 'सगळं ठीक' सांगून मोकळं होतं.

तिने फाइल उघडली. बझरपुढे 'बंद' होतं.

"हा उपद्व्याप कुणाचा?" काकांनी विचारलं.

ती ओळ पुढे वाचत गेली. त्याच ओळीच्या शेवटी, चाचणीच्या दिवसांत तिनेच स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: 'आईचा डोळा लागलाय. उठली की चालू करायचं.'