रंधा न मारलेलं खोकं

"माझ्या कामाला हात कोणी लावला?" मिस्त्रींनी विचारलं.

तळ्याच्या काठावर ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर लाकडी खोकी ओळीने मांडलेली होती. बदकांची पिल्लं पाण्यावर गेली की, या तळ्याची राखण करणारी हौशी मंडळी खांबांवरची घरट्यांची खोकी उतरवून साफ करायची. यंदा त्यांनी खोकी देणाऱ्यालाही बोलावलं होतं. चौदाच्या चौदा खोकी मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने करून, स्वतःच्या लाकडाची, तळ्याला दिली होती. त्यातल्या पहिल्या खोक्याचं झाकण त्यांनी मोठ्या कौतुकाने उघडलं. आत, बदकांच्या ये-जा करायच्या भोकाखालची फळी कुणीतरी पटाशीने आडवी ओरबाडून ठेवली होती. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तीच तऱ्हा.

चाळीस वर्षं कपाटं आणि पलंग करणारा हा माणूस. ड्रॉवरच्या मागच्या अंगाला, जिथे गिऱ्हाईक जन्मात डोकावणार नाही, तिथेही काचपेपर मारणारा. ही खोकी तर त्यांनी आतून अशी घासली होती की गालाला लावावीत. कारण ती बायकोच्या नावाने दिली होती.

बायको पंधरा वर्षं दर रविवारी या तळ्यावर यायची. गाळ उपसायची, माजलेल्या वेली ओढायची, बदकं मोजायची. मिस्त्री एकदाही आले नाहीत, रविवार हा गिऱ्हाइकांचा वार. अगदी सुरुवातीला तिने बदकांसाठी एक खोकं मागितलं, तेव्हा त्यांनी घाईघाईत पॅकिंगच्या फळ्या ठोकून दिल्या. रंधासुद्धा मारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण खोकं तोवर तळ्यावर पोचलं होतं. पुढे दर वर्षी ती सांगायची, "अहो, तुमच्या खोक्यातून यंदाही पिल्लं सुखरूप गेली. अजून करा ना, अगदी तशीच." ते 'अगदी तशीच' मिस्त्रींना चांगलंच झोंबायचं. बायकोने टोमणा मारला तर कळू नये इतके काही ते भोळे नव्हते. वेळ मिळाला की नीट करून देतो, म्हणायचे. ती आणखी काही समजावायला जायची, पण तिचं बोलणं आणि यांचा रंधा एकाच वेळी चालायचे, आणि दोघांत रंध्याचा आवाज मोठा. वेळ मिळाला तो ती गेल्यावर, घर खायला उठलं तेव्हा.

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी तळ्याकडे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, या मंडळींच्या म्होरक्या. डॉक्टर दातांचे. शेवटी डॉक्टरांनी गुन्हा कबूल केला. पटाशी त्यांनीच चालवली होती, खोकी खांबांवर चढवण्याआधी सलग दोन रविवार, भूल न देता. बाकीच्यांनी खोकी धरून ठेवली होती.

मिस्त्री हसले नाहीत. काम पसंत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं, असं म्हणून ते झाकणं लावायला लागले. टेंपो बोलावतो आणि सगळी परत नेतो म्हणाले. बिजागरीत स्क्रू वाकडा गेला, तरी त्यांनी तो तसाच पिळला.

मग मात्र बाईंनी सगळं सांगून टाकलं. अंड्यातून निघालं की दुसऱ्याच दिवशी पिल्लाला खोक्याच्या तळापासून भोकापर्यंत चढावं लागतं, नखं रुतवत रुतवत. आई उचलून नेत नाही, ती खाली पाण्यातून हाका मारते. फळी गुळगुळीत असली तर नखं धरत नाहीत. पिल्लू घसरत राहतं आणि आतच उपाशी मरतं. मिस्त्रींनी खोकी आणली त्या दिवशी बाईंनी आत हात घातला तो फळीवरून सरकन घसरला. पण मिस्त्री टेंपोतून उतरवलेल्या एकेका खोक्यावरून फडकं फिरवत होते. ते बघून सांगायची छाती कुणालाच झाली नाही.

मिस्त्री ताडपत्रीवर बसले. "किती मेली?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "नऊ खोक्यांत बदकं बसली. नऊही खोक्यांतली पिल्लं पाण्यात उड्या घेताना आम्ही पाहिली. वहिनी असत्या तर नाचल्या असत्या."

मिस्त्रींनी डॉक्टरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फार उपकार झाले, एवढंच म्हणाले. मग सुताराची सवय जाते कुठे, त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला. अंतर सारखं, खोलीही सारखी. दातांच्या डॉक्टरला हे जमलं कसं, असं त्यांनी विचारलं.

बाई उठून शेडमध्ये गेल्या आणि एक जुनं खोकं घेऊन आल्या. पॅकिंगच्या फळ्या, वाकडे खिळे, करवतीचे ओरखडे जसेच्या तसे. हे समोर धरून डॉक्टरांनी खाचा मारल्या होत्या. मिस्त्रींनी ते लांबूनच ओळखलं आणि मान खाली घातली. इतक्या वर्षांत कुणी हे चुलीत कसं घातलं नाही, असं त्यांना वाटलं.

"उलटं करून बघा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खोकं उलटं केलं. तळाला बायकोचं अक्षर होतं, पुसट झालं की पुन्हा पुन्हा गिरवलेलं: 'नमुना. सगळी खोकी अगदी अशीच हवीत.'