चतुर्दशीचा पुकारा

जिनदत्त मगदुमांचं वॉरंट रद्द झालं. पण हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही, असं धरून चाला. कारण जिनदत्त आत्ता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत, दाराशी नानासो हवालदार उभे आहेत, आणि आज शुक्रवार असल्यामुळे आत गेलेला माणूस सोमवारपर्यंत बाहेर येत नसतो.

"नाव सांगा," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

जिनदत्तांनी हात जोडले.

"हात नको. नाव."

गुन्हा किरकोळ होता. त्यांनी शिजवलेली हळद रस्त्यावर वाळत घातली आणि एका एस.टी.ला ती बघत थांबावं लागलं. पहिली तारीख मागच्या चतुर्दशीची. तेव्हाही ते आले होते. पुकारा झाला, त्यांनी हात वर केला. शिपाई कागदात बघून पुकारत होता, त्याला तो दिसला नाही. मग ते आत जाऊन उभे राहिले. मॅडमनी कोण म्हणून विचारलं, त्यांनी हात जोडले, मॅडमनी बसा म्हटलं. ते बसले. मॅडम इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, त्यात आपलं नाव ऐकून त्यांनी समाधानानं मान हलवली. अशा रीतीनं संध्याकाळपर्यंत कोर्टासमोर बसून ते गैरहजर राहिले. वकील शाहनवाज त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकला होता. पुढची तारीख काल रात्री मुलीनं, ब्राह्मीनं, मोबाईलवर बघितली, तेव्हा तारखेच्या जागी वॉरंट निघालं. अजामीनपात्र.

"मॅडम, आरोपी मौनात आहेत," शाहनवाज म्हणाला. "चतुर्दशीला ते बोलत नाहीत."

"आज चतुर्दशी आहे?"

"आहे."

"मग आजच का आलात?"

"सकाळी हवालदार मळ्यात येऊन गेले, मॅडम. त्यांना चतुर्दशी चालते."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मॅडम हसल्या नाहीत. गैरहजर का राहिलात, हे आरोपीनं स्वतः सांगायचं, त्या म्हणाल्या. लिहून नाही, वकिलामार्फत नाही. तोंडानं. नाहीतर कोठडी.

एरवी हा माणूस हळदीच्या सौद्यात बोलायला लागला, की अडत्या स्वतःच भाव वाढवून सुटका करून घ्यायचा. आता त्याच माणसाचे ओठ शिवल्यासारखे घट्ट होते.

"आप्पा, बोला," ब्राह्मी बाकावरून म्हणाली. "आई काय म्हणायची न्हाई."

जिनदत्तांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मॅडमनी पेन उचललं. नानासो एक पाऊल पुढं आले.

"मॅडम, शेवटचं एक," शाहनवाज घाईनं म्हणाला. "यांची पत्नी राजमतीकाकू गेल्या वर्षी वारल्या. जाताना त्यांनी एवढंच मागितलं, की महिन्यातल्या दोन चतुर्दशा तरी तुम्ही गप बसा. काकूंचा स्वभावच तसा होता, मॅडम. स्वतः लय बोलायच्या, नवऱ्याला तोंड उघडू द्यायच्या नाहीत..."

"खोटं हाय."

आवाज पिंजऱ्यातून आला होता.

"ती न्हाई, मी बोलत हुतो," जिनदत्त म्हणाले. "उभ्या संसारात तिला एक वाक्य पुरं करू दिलं न्हाई. दवाखान्यात डॉक्टर तिला इचारायचा आन जबाब मी द्यायचो. कुठं दुखतंय त्येबी मीच सांगायचो." ते थांबले. "चुकीचं सांगितलं."

टाइप करणाऱ्या बाईंनी हात थांबवला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"नाव?"

"जिनदत्त बाबगोंडा मगदूम."

"हजर आहात?"

"हाय."

वॉरंट रद्द झालं. नानासोंनी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले.

बाहेर व्हरांड्यात ब्राह्मीनं पाण्याची बाटली पुढं केली. जिनदत्तांनी घेतली नाही.

"मोडलं," ते म्हणाले.

"काका, काकूंबद्दल तसं बोललो, माफ करा," शाहनवाज म्हणाला.

"ल्हानपणी तिच्या हातचं जेवलायस तू. ती कशी हुती, तुला ठावं न्हाई व्हय रं?"

"ठावं हाय. म्हणूनच बोललो."

जिनदत्तांनी त्याच्याकडे बघितलं. रागवावं की पाठीवर थाप मारावी, हे चेहऱ्याला ठरवता येईना. शेवटी ते पायरीवर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. एक अर्ज लिव्ह."

"कशाचा?"

त्यांनी सांगितलं. शाहनवाजनं आधी ब्राह्मीकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं होतं.

"आवं काका, हे कुठल्या कलमाखाली बसवू?"

"हुडक की. वकील तू हाईस."

शाहनवाजनं फायलीवर कागद ठेवला, समास सोडला आणि लिहायला घेतलं:

"मे. कोर्टात अर्जदाराचा विनंती अर्ज ऐसाजे की, अर्जदाराचे आजचे मौन मे. कोर्टाच्या कामी खर्ची पडले आहे. सबब, आजची चतुर्दशी तहकूब करून त्याकामी उद्याची तारीख नेमण्यात यावी, व तसे कै. राजमती जिनदत्त मगदूम यांना मे. कोर्टामार्फत कळवण्यात यावे, ही विनंती."