विटलेला पारवा

“समुद्राकडचा कुरव आहे एवढं नक्की. पण कोणता, ते काही कळत नाही,” शेजारची सायली कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाली. “फार लांब बसलाय, काका. झळांमुळे नुसता पांढरा ठिपका थरथरतोय. आणि मी कॅमेरा सोडला अन् तेवढ्यात उडाला, तर गेलाच.”

फेब्रुवारी संपत आला होता. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या मनोऱ्यावर ऊन चढू लागलं होतं. मल्हारी सर स्टँडवरच्या दुर्बिणीवर वाकले. वयाबरोबर त्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखी डाग येऊन बसला होता. जे पाहायला जावं, नेमकं तेच त्याच्याखाली जाई. आताही कडेचं पाणी दिसलं, लव्हाळी दिसली. पक्षी दिसला नाही.

ते बाजूच्या बाकावर टेकले. सकाळी नाशिकहून निघतानाच बायकोला म्हणाले होते, “आज एखादा वेगळा पक्षी ओळखता आला नाही, तर ही दुर्बीण सायलीला देऊन टाकणार. उगाच अडवून कशाला ठेवायची?”

सुलाबाईंनी तेव्हा नुसती पाण्याची बाटली पिशवीत टाकली होती. इतकी वर्षं त्या सरांबरोबर पाण्यावर येत, सावलीला बसत आणि पक्षी बघून झाले की घरी जात. आता त्या उठल्या.

“बसा तिथंच. मी बघते, तुम्ही ओळखा.”

“अगं, तुला बगळा आणि बदक यातलं तरी कळतं का?”

“तुमच्याबरोबर संसार केला. तेवढंही कळणार नाही?”

त्या वाकल्या. एक डोळा मिटून घेतला. मग एकदम माहेरची सटाण्याची बोलीच तोंडातून निघाली, “अहो, गंज मोठा शे!”

सायली खुदकन हसली. सरही हसले. “खूप मोठा म्हणजे कोणाएवढा?”

“शेजारी ती शेंदरी बदकं आहेत ना, तेवढा.”

“चक्रवाकाएवढा?” सर सरसावून बसले. “डोकं?”

“काळं कुळकुळीत. आणि डोळ्याला वरखाली पांढरं काजळ घातल्यासारखं.”

“पाठ?”

“पारवा.”

“पारवा?” सर वैतागले. “मी कुरवाचं विचारतोय आणि तू पारवे कसले बघतेस? पारवा पाण्यात कशाला बसेल?”

“अहो, पक्षी नाही, रंग! पारवा रंग! साड्यांना नाही का म्हणत?”

“बरं बरं. पण गडद की फिका? सगळं त्याच्यावर आहे. गडद असला तर हा निराळाच निघेल.”

सुलाबाईंनी जरा विचार केला. “आपण कळवणला होतो तेव्हाची माझी पारव्या रंगाची साडी आठवते?”

“जांभळ्या काठांची.”

“तीच. पण नवी होती तेव्हाची नाही. आपली अंजली पोटात होती तेव्हाची. धुऊन धुऊन विटलेली.”

सरांनी डोळे मिटले. शाळेमागची खोली. अंगणातली दोरी आणि तिच्यावर वाऱ्यानं फुगलेली ती साडी. सकाळी सायकल काढताना तिच्याखालून वाकून जावं लागे आणि ओला पदर गालाला लागे. तो रंग त्यांना अगदी मधोमध, लख्ख दिसला.

“पाय पिवळे असतील,” ते हळूच म्हणाले.

“हळदीत बुडवल्यासारखे. चोचही पिवळीच. टोकाला लाल.”

“मोठा काळ्या डोक्याचा कुरव!” सर जवळजवळ ओरडलेच. “सायली, उडाला की पंखांची टोकं बघ. पांढरी असतील, आतून काळी नक्षी.”

पक्ष्यानं जणू ऐकलंच. तो उठला, मनोऱ्याकडे वळला आणि डोक्यावरून वळसा घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेला. कॅमेरा खटखटत राहिला. सायलीनं फोटो मोठा करून पाहिला.

“काका! अगदी तसाच! आणि मला नुसता ठिपकाच दिसत होता.”

सरांनी मान हलवली. चेहऱ्यावर आलेलं हसू हळूहळू उतरलं.

“पाहिला हिनं. मी नुसते प्रश्न विचारत बसलो. दुर्बीण तूच घेऊन जा, सायली.”

त्यांनी उठून चाचपडत स्टँडकडे हात नेला. सुलाबाईंनी डोळा न काढताच तो बाजूला सारला.

“हलवू नका हो. त्या बेटाच्या कडेला एक बसलाय. डोकं मोरपंखी. कोण तो?”

सरांनी हात मागे घेतला. मग बाकावर परत टेकले.

“आधी चोच सांग.”

“उलथन्यासारखी,” सुलाबाई म्हणाल्या.