सरकती काच

तिघी समुद्रातून ओल्या कपड्यांनीच खोलीवर आल्या, तेव्हा धाकटीचा फोन पलंगावर थरथरत होता. तिनं तो उचलला, पाहिला आणि पालथा ठेवला.

"किती?" नर्सनं विचारलं.

"एकतीस मिस्ड कॉल. तास-दीड तासात."

"एकतीस!" केस खसाखसा पुसत दातवाली म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात होती, म्हणून दातवाली. "माझ्या नवऱ्याला मी घरात नाही हे कळतं तेच मुळी जेवायच्या वेळी."

नर्स हसली. धाकटी हसली नाही. परक्या देशात एकाच इमारतीत राहणाऱ्या या तिघी. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणत आठ महिने सुट्ट्या जुळवत होत्या, तेव्हा कुठे हे शनिवार-रविवार हाती लागले होते.

फोन पुन्हा थरथरला, तसा धाकटीनं तो कानाला लावला. "हो... तळमजला. मागच्या बाजूनं, वाळूतून." फोन ठेवून ती म्हणाली, "हे आलेत."

वाळूकडं उघडणारी काच दातवालीनं कपडे वाळावेत म्हणून सताड सरकवून ठेवली होती. तिथंच तो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, बुटांवर वाळू.

"नमस्कार ताई," तो नर्सला म्हणाला. "हिला न्यायला आलोय. आवर गं."

"दुपारी निघतोच आहोत आम्ही. तीन तास गाडी चालवून आलात, बसा, चहा घ्या."

"तुम्ही मध्ये पडू नका, ताई."

आवाज अगदी मऊ होता. धाकटी ओले कपडे तसेच बॅगेत कोंबू लागली. मग थांबली. बॅगेकडं बघतच म्हणाली, "मी यांच्याबरोबर येते संध्याकाळपर्यंत."

तो आत आला, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि चालू लागला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. दारातून बाहेर पडताना तिचं कपाळ ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आपटलं. ते चुकून आपटलं असेल असं नर्सला वाटलं. दुसऱ्यांदा त्यानं नीट मागं खेचून आपटलं.

रक्त भुवईवरून नाकावर आलं. दातवाली किंचाळत रिसेप्शनला फोन लावायला धावली. नर्सनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. तो पायरीवरून घसरून वाळूत गुडघ्यांवर गेला, पण मूठ सुटली नाही. मग नर्सनं काच सरकवली. काच त्याच्या मनगटावर येऊन अडली. हात आत, तो बाहेर.

"सोडा तिला!"

"आधी दार सोड, भवाने!" 'ताई' म्हणणं केव्हाच गळून पडलं होतं. त्यानं तिसरा हिसका दिला. धाकटीचं डोकं काचेवर दाणकन आदळलं.

नर्सनं खांदा लावला आणि सगळा जीव एकवटून रेटलं. तो कळवळला. बोटं एकेक करत उघडली, वेणी सुटली, धाकटी खाली कोसळली.

"सोडलं! सोडलं, ताई! हात, माझा हात!"

नर्सनं खांदा ढिला केला. एवढ्यात धाकटी उठली. ती पळेल, कोपऱ्यात जाईल असं नर्सला वाटलं होतं. ती वळली, दाराच्या कडेला पाठ लावली, दोन्ही तळवे समोरच्या कपाटाला टेकवले आणि पाय रोवून मागं रेटू लागली.

"अगं, सोडलंय त्यानं!"

धाकटीनं ऐकलं नाही. तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. काचेपलीकडं त्याचं तोंड वासलेलं होतं, आवाज घोगरा झाला होता. तो तिच्या नावानं हाका मारत होता. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मग आवाज झाला. कोरडा, बारीक.

नर्स अकरा वर्षं हाडांच्या वॉर्डात होती. तिच्यापर्यंत हाडं मोडूनच यायची. मोडताना तिनं कधी ऐकली नव्हती. तिनं धाकटीच्या कमरेला मिठी घातली. दातवालीनं दंड धरले. दोघींनी ओढलं तरी ती हलेना. दुसरा आवाज झाल्यावर मात्र आपण होऊन बाजूला झाली आणि खाली बसली.

पुढचं नर्सच्या हातांनी आपसूक केलं. पुठ्ठा दुमडला, टॉवेल फाडला, मनगट बांधलं. "आई गं, आई गं," तो रडत होता. तिनं त्याचं डोकंसुद्धा धरलं. रखवालदार आला, मॅनेजर आला, अँब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली. पोलीस येतील, जबाब घेतील, तोवर कुठं जाऊ नका, असं मॅनेजर तिघींना सांगून गेला. दातवाली आत एका खुर्चीत हुंदके देत बसली.

धाकटी बाहेर पायरीवर होती. कपाळावर बर्फाची पिशवी, मांडीवर रक्तानं माखलेला टॉवेल. नर्स शेजारी जाऊन बसली. वॉर्डात कुणाच्या मनगटावर काय खूण आहे हे ती लांबून ओळखायची. शेजारच्या दारात राहणाऱ्या या पोरीला तिनं दोन वर्षांत एकदाही काही विचारलं नव्हतं. आताही जे येत होतं तेच ती बोलली.

"दोन्ही हाडं गेलीत. तीन-चार महिने तरी हात उचलता येणार नाही त्याला." थोडं थांबून, धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, "नशीब, डावा आहे."

धाकटीनं बर्फाची पिशवी काढली, उलटी केली, गार बाजू पुन्हा कपाळाला लावली.

"तो डावखुरा आहे," ती म्हणाली.